तुमच्या नव्या दरपत्रकाला छोट्या पेट शॉपवाल्यांचं उत्तर

पेट फूड आणि प्राण्यांचं साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांचे विक्रीप्रमुख आणि त्यांचे वितरक यांस,

स.न.वि.वि.

नवं दरपत्रक मिळालं. भाव वाढलेत, किमान ऑर्डरचा आकडा वाढलाय आणि काही बॅगांची किंमत तीच ठेवून वजन तेवढं कमी झालंय. सोबतच्या पत्रात तुम्ही आमचे आभार मानले आहेत. तुमचं पत्र एकाच मजकुराचं, सगळ्यांना गेलेलं. आम्ही मात्र उत्तर एकेकट्याने देतो आणि ते विक्री प्रतिनिधीच्या डायरीत विरून जातं. म्हणून या वेळी उत्तर उघड लिहितोय.

मंदीतही हा धंदा बुडत नाही, असं तुमच्या बैठकांमध्ये नेहमी सांगितलं जातं. त्याला आधार आहे. अमेरिकन पेट प्रॉडक्ट्स असोसिएशनच्या आकड्यांप्रमाणे तिथला पाळीव प्राण्यांवरचा खर्च २००७ मध्ये ४१.२ अब्ज डॉलर होता आणि मंदीने जग हादरलेलं असताना, २००९ मध्ये, तो ४५.५ अब्जांवर गेला. माणूस स्वतःचे नवे कपडे लांबणीवर टाकतो, पण कुत्र्याची वाटी रिकामी ठेवत नाही, हे आम्हीही पाहतो. मात्र त्या आकड्यात डॉक्टरांची फी आहे, औषधं आहेत, किराण्याबरोबर सुपरमार्केटमधून उचललेली बॅग आहे आणि भाववाढ तर आहेच. एवढ्या मोठ्या बेरजेत एखादं छोटं दुकान बंद पडलं तर दशांश चिन्हानंतरचा आकडासुद्धा हलत नाही.

काउंटरवरून दिसणारं चित्र वेगळं आहे. हात आखडला की गिऱ्हाईक आधी खेळणी सोडतं, मग गाद्या, कपडे, शोभेचे पट्टे. त्यानंतर ट्रीट्सचं पाकीट लहान होतं. ग्रूमिंगच्या, म्हणजे आंघोळ आणि केस-नखं कापण्याच्या, दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढतं. मग एके दिवशी नेहमीच्या बॅगेकडे हात न जाता नजर खालच्या फळीवर जाते आणि ओशाळलेल्या आवाजात प्रश्न येतो, ‘यापेक्षा जरा स्वस्तातलं, पण बरं असं काही आहे का?’ हा प्रश्न विचारायला माणसाला धीर लागतो. तो विचारला गेला तर आमचं नशीब. बरेच जण विचारत नाहीत, यायचेच बंद होतात. आणि काही घरांत शेवटी प्राणीच निवाऱ्यात सोडायची वेळ येते.

त्या प्रश्नाला आम्ही जे उत्तर देतो, त्यावर आमचं दुकान उभं आहे आणि तुमच्या ब्रँडची पतसुद्धा. तुमच्या हिशोबात या उत्तराला खातंच नाही. माझी मुख्य तक्रार ही आहे. बाकीच्या मागण्या तिच्याच पोटातल्या.

आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही, हेही तुम्हाला कळायला हवं. पहिली कात्री फळ्यांवर चालली. पूर्वी एकाच किमतीच्या टप्प्यात पाच-सहा ब्रँड ठेवणं प्रतिष्ठेचं वाटायचं. आता टप्प्याला एक, फार तर दोन. पडून राहिलेल्या मालात अडकलेला पैसा हा व्याजाशिवाय दिलेल्या कर्जासारखा, आणि तोही तुम्हालाच दिलेला. खेळण्यांची भिंत रिकामी करून तिथे कित्येकांनी आंघोळीचा टब बसवला. गिऱ्हाईक स्वतः येऊन कुत्र्याला आंघोळ घालतं. टब, ड्रायर, शॅम्पू आणि नंतर फरशी पुसायचं काम आमचं. नखं कापायच्या कामात मिळकत थोडी, पण नखं दर तीन-चार आठवड्यांनी वाढतातच आणि त्या निमित्ताने माणूस दुकानात येतो. ऑनलाइन दुकानाला सगळं जमेल, कुत्र्याची नखं कापणं जमायचं नाही.

मासे ठेवणाऱ्या दुकानांचा खर्च विजेत. हीटर, पंप, दिवे, रात्रंदिवस चालू. खाऱ्या पाण्यातले मासे ठेवणं अनेकांनी सोडलं, कारण एकही मासा विकला गेला नाही तरी त्यांचं बिल येतच राहतं. गोड्या पाण्याच्या छोट्या टाक्या एका सामाईक फिल्टरवर आणल्या की वीज वाचते. पण मग एका माशाचा रोग सगळ्या रांगेत फिरतो, त्यामुळे नव्या मालासाठी स्वतंत्र पाण्याची वेगळी टाकी ठेवावी लागते. वाचवायला गेलं की दुसरीकडे थोडं द्यावं लागतं, हे आमच्या धंद्यात रोजचं.

पिल्लं विकणं आमच्यापैकी पुष्कळांनी थांबवलं. काहींनी कायद्यामुळे: कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये दुकानांना कुत्री, मांजरं, ससे फक्त निवारे आणि बचाव संस्थांकडूनच घेण्याची सक्ती झाली आणि २०२१ पासून ती विकायलाच बंदी आली, इंग्लंडमध्ये २०२० च्या लूसीज लॉने सहा महिन्यांखालच्या पिल्लांची दलालांमार्फत होणारी विक्री बंद केली, फ्रान्सने १ जानेवारी २०२४ पासून दुकानातली कुत्र्या-मांजरांची विक्रीच थांबवली. काहींनी कायद्याची वाट न पाहता ते पिंजरे निवाऱ्यांना दत्तक-दिवसासाठी दिले. माझ्या मते कडकीच्या काळात झालेला हा सगळ्यात चांगला बदल. विक्रीपर्यंत पिल्लाचं खाणं, लस, आजारपण हा खर्च आपल्या डोक्यावर राहत नाही. दत्तक घेणाऱ्या घराला त्याच दिवशी वाटी, पट्टा, खाद्य, बिछाना असं सगळं लागतं, आणि पिल्लू आजारी निघालं म्हणून भांडायला कोणी येत नाही.

जुन्या सामानाचं कपाट हाही असाच एक उपाय. प्रवासाचे पिंजरे, काचेच्या टाक्या, स्टीलच्या वाट्या परत घेऊन, निर्जंतुक करून निम्म्या भावात विकतो. लाकडी आणि कापडी वस्तू घेत नाही, त्यांच्यातले जंतू आणि पिसवांची अंडी पुरती निघत नाहीत. नव्या पिंजऱ्याची तुमची विक्री त्यात बुडते, हे मान्य. पण ज्याला नवा पिंजरा परवडतच नाही, त्याने तो तुमच्याकडून घेतलाच नसता.

आता खाद्याकडे येतो, कारण खरी लढाई तिथे आहे.

स्वस्तातलं मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही आधी बॅगेवरची किंमत बघू देत नाही, दिवसाचा खर्च काढायला लावतो. समजा एका खाद्यात १०० ग्रॅमला ४०० किलोकॅलरी आहेत आणि दुसऱ्यात ३२०. दिवसाला ८०० किलोकॅलरी लागणाऱ्या कुत्र्याला पहिलं २०० ग्रॅम पुरतं, दुसरं २५० ग्रॅम द्यावं लागतं. म्हणजे दुसरं खाद्य किलोमागे वीस टक्के स्वस्त असेल तर वाचलं काहीच नाही, उलट विष्ठा जास्त उचलावी लागली. हे गणित कागदावर मांडलं की गिऱ्हाईक बरेचदा जुन्याच ब्रँडवर राहतं. तुमच्या ब्रँडवर. त्या पाच मिनिटांचे पैसे आम्हाला कोण देतं?

त्याहून मोठी बचत वाटीतच असते. लोक खाद्य मगाने घालतात आणि प्रत्येक घरचा मग वेगळा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजायला सांगितलं की निम्म्या घरांत तरी गरजेपेक्षा जास्त जातंय असं निघतं. कुत्रं आधीच सुटलेलं असतं. कमी खाद्य विकलं जाईल असा सल्ला दुकानदाराने द्यावा, हे तुमच्या विक्री विभागाला वेडेपणाचं वाटेल. पण महिनाभर जास्त पुरणारी बॅग घेणारं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं येतं, आणि न परवडणारी बॅग घेतलेलं दोनदा येऊन गायब होतं.

काही ठिकाणी स्वस्ताईला आम्ही ठाम नकार देतो. मांजराला कुत्र्याचं खाद्य चालेल का, हा कडकीच्या काळात हमखास येणारा प्रश्न. चालत नाही. मांजराच्या शरीरात टॉरिन हे हृदयाला लागणारं पोषकद्रव्य पुरेसं तयार होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. टॉरिनच्या कमतरतेने मांजरांचं हृदय विस्तारून निकामी होतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं आणि त्यानंतर तुम्ही मांजरांच्या खाद्यातलं टॉरिन वाढवलंत. ब्रँड बदलायचा असेल तर सात ते दहा दिवस जुन्यात नवं थोडं थोडं मिसळा, असं आम्ही बजावून सांगतो. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशोब मांजराला लागू पडत नाही, विशेषतः लठ्ठ मांजराला: ते दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. स्वस्त बॅगेत वाचलेले पैसे मग डॉक्टरकडे अनेक पटींनी जातात.

गिनीपिगची गोष्ट वेगळी. त्याला क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही आणि पेलेटमधलं (दाबून केलेल्या कोरड्या खाद्यातलं) क जीवनसत्त्व महिन्यांगणिक कमी होत जातं. म्हणून तिथे आम्ही संपण्याच्या तारखेपेक्षा बनवल्याची तारीख पाहतो. तुम्ही ती बहुतेक पाकिटांवर गूढ अंकांत छापता. सशाच्या बाबतीत तर आम्ही तुमचं रंगीत मिश्रण घेऊच नका असं सांगतो. त्याला मुख्यतः वाळलेलं गवत हवं, ते मिश्रणापेक्षा स्वस्त आणि दातांना, पोटाला बरं. ज्याने नुकतीच टाकी घेतली त्याला मासे आज नेऊ नका असं सांगतो, कारण माशांच्या विष्ठेतून पाण्यात उतरणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार-सहा आठवडे लागतात. आज विकलेले दहा मासे पुढच्या आठवड्यात मेले तर त्या घरातली टाकी माळ्यावर जाते आणि गिऱ्हाईक कायमचं जातं.

हे सगळं तुमच्या जाहिरातीत नसतं, पण बाका प्रसंग आला की लोक येतात ते इथेच. मार्च २००७ मध्ये मेन्यू फूड्स या पेट फूड बनवणाऱ्या कंपनीने सहा कोटींच्या आसपास डबे आणि पाकिटं परत मागवली. खाद्यातल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये (गव्हाच्या प्रथिनात) मेलामाइन हे प्लास्टिक बनवायला लागणारं रसायन मिसळलेलं निघालं होतं आणि मांजरं-कुत्री मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. एकाच कंपनीकडे वेगवेगळ्या नावांचा, वेगवेगळ्या किमतींचा माल बनत होता, हे लोकांना तेव्हा कळलं. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धान्यविरहित, वाटाणा-मसूर भरलेल्या खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का याची चौकशी जाहीर केली. डिसेंबर २०२२ मध्ये, अर्थपूर्ण नवी माहिती मिळेपर्यंत पुढची निवेदनं काढणार नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे ना दोषी ना निर्दोष. मधली चार वर्षं ‘ही बॅग देऊ की नको’ हा प्रश्न ज्यांना विचारला गेला, ते तुमचे ब्रँड अँबेसिडर नव्हते. एप्रन घातलेली, केसांनी माखलेली माणसं होती.

ऑनलाइन विक्रीबद्दल रडगाणं गाणार नाही. पेट्स डॉट कॉम ही प्राण्यांचं सामान ऑनलाइन विकणारी कंपनी फेब्रुवारी २००० मध्ये शेअर बाजारात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंद झाली. खरेदीपेक्षा कमी भावात विकायचं आणि वर जड गोण्या घरपोच करायचा खर्च सोसायचा, हे फार काळ चालत नाही. पण च्युई या दुसऱ्या ऑनलाइन कंपनीने तोच धंदा नीट करून दाखवला, २०१७ मध्ये पेटस्मार्ट या पेट शॉपच्या साखळीने ती ३.३५ अब्ज डॉलरना विकत घेतली. तिच्या विक्रीचा बहुतांश भाग ठरावीक मुदतीने आपोआप जाणाऱ्या ऑर्डरींचा आहे. त्यातून आम्ही शिकलो. आमच्याकडेही आता वही आहे. दिवसाला १०० ग्रॅम खाणाऱ्या मांजराची तीन किलोची बॅग तिसाव्या दिवशी संपते. आम्ही पंचविसाव्या दिवशी विचारतो, आणून देऊ का. मोबाइलवरच्या एका ओळीने किती गिऱ्हाइकं टिकली, हे आमचं आम्हालाच ठाऊक.

मात्र एका बाबतीत आमचे हात टेकतात. तुमच्याच बॅगेचा ऑनलाइन किरकोळ भाव आमच्या खरेदीभावापेक्षा कमी दिसतो, तेव्हा. मग गिऱ्हाईक आमच्याकडून सल्ला घेतं आणि फोनवर तिथून मागवतं. त्याला मी दोष देत नाही, त्याचीही महिनाअखेर असते. पण तो सवलतीचा पैसा तुमच्या जाहिरातखर्चातून गेलेला असतो, आणि तो ज्या विश्वासावर वटतो तो आम्ही तयार केलेला.

ब्रँड मोठा झाला की दरवाजे बदलतात, हेही आम्ही पाहिलंय. ब्लू बफेलो हे अमेरिकेतलं पेट फूड वर्षानुवर्षं पेट शॉपमध्येच मिळायचं, २०१७ मध्ये ते सुपरमार्केटच्या फळ्यांवर गेलं आणि २०१८ मध्ये जनरल मिल्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीने ते आठ अब्ज डॉलरना घेतलं. कुठे विकायचं हा मालकाचा अधिकार, त्याबद्दल वाद नाही. आधी सांगा एवढंच. तुमचा माल सुपरमार्केटमध्ये जाणार असेल तर आम्हाला निदान तीन महिने आधी कळवा आणि आमच्याकडे शिल्लक राहील तो परत घ्या. एका सकाळी तीच बॅग शेजारी भाजीच्या बाजूला, आमच्या खरेदीभावात दिसली म्हणजे आम्हाला कळतं, ही पद्धत बरी नव्हे.

किमान ऑर्डरचा आकडा खाली आणा. ते जमत नसेल तर चार-पाच दुकानांनी मिळून दिलेली एक ऑर्डर स्वीकारा आणि बिलं वेगळी द्या. आम्ही एकमेकांचे स्पर्धक असलो तरी एकत्र माल उचलायला तयार आहोत. अडतं ते तुमच्या बिलिंगमध्ये. मुदत जवळ आलेला माल दुकानात पोचल्यावर परत घेणार नसाल तर निदान तसा पाठवू नका. सहा महिन्यांपेक्षा कमी मुदत उरलेली बॅग मोठी साखळी दुकानं तुमच्याकडून घेतात का, हे एकदा खरं खरं सांगा. उधारीच्या मुदतीचंही तेच. त्यांना जेवढे दिवस देता तेवढे आम्हाला देणं झेपत नसेल, समजू शकतो, पण भाव वाढवायचा आणि त्याच महिन्यात मुदत घटवायची, असं दोन्ही एकदम करू नका.

वजन कमी करायचं असेल तर बॅगेच्या दर्शनी बाजूला, मोठ्या अक्षरांत तसं छापा. आत्ता बॅग आठवडाभर आधी संपली की गिऱ्हाइकाला वाटतं, दुकानदाराने काढून घेतलं.

आणि मधल्या आकाराचं पाकीट द्या. तुमच्याकडे एकतर नमुन्याएवढी पुडी असते किंवा पाठ मोडणारी गोणी. हप्त्याने जगणाऱ्या माणसाला एक किलो हवं असतं, आणि ते नसलं की काही दुकानदार गोणी फोडून सुटं विकतात. सुटं विकणं मला मान्य नाही. गोणी उघडली की खाद्यावरची चरबी हवेने खवट व्हायला लागते आणि उघडलेलं खाद्य महिना-दीड महिन्यात संपवावं लागतं. शिवाय बॅच क्रमांक गोणीवरच राहतो. २००७ सारखं काही पुन्हा झालं, तर पिशवीतून सुटं नेलेल्या माणसाला काय सांगायचं, कोणता क्रमांक तपासायला सांगायचा? पण ज्याला फक्त आठवड्याचे पैसे हाताशी आहेत त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणंही सोपं नसतं. बंद, बॅच क्रमांकासह, बनवल्याची तारीख माणसाला वाचता येईल अशा आकड्यांत असलेलं एक किलोचं पाकीट काढा. किलोमागे थोडं महाग पडलं तरी चालेल, फक्त गोणीच्या दीडपट लावू नका.

विक्रीपश्चात सल्ल्यासाठी प्रत्येक दुकानाला ठरावीक भत्ता द्यावा, अशीही सूचना आमच्यात चर्चेला आली होती. मला ती पटली नाही. भत्ता घेतला की सल्ला तुमचा होईल, आणि मग गिऱ्हाइकाने आमच्यावर विश्वास का ठेवावा? त्यापेक्षा तो पैसा भावात द्या. ऑनलाइन विक्रेत्यांना सवलतीसाठी जो निधी देता, त्यातला आमच्या विक्रीच्या प्रमाणातला वाटा आम्हालाही तशाच सवलतीसाठी द्या. ती गिऱ्हाइकापर्यंत पोचते की नाही, हे बिलं पाहून तपासा.

मघाशी सांगितलं तसं, आमच्या फळ्या आखूड झाल्या आहेत. प्रत्येक टप्प्यात आता एका, फार तर दोन ब्रँडना जागा उरली आहे. ती कोणाला द्यायची हे आम्ही काही दुकानदार मिळून पुढच्या तिमाहीच्या ऑर्डरआधी ठरवणार आहोत. तेव्हा नफ्याच्या टक्क्यांइतकंच वजन वरच्या मुद्द्यांना असेल: मधलं पाकीट, मुदतीचा ताजा माल, एकत्र ऑर्डर आणि ऑनलाइनच्या बरोबरीचा भाव. लेखी उत्तर आलं तर उत्तम. प्रतिनिधीला पाठवणार असाल तर सकाळी पाठवा. दुपारनंतर आम्ही टबाजवळ असतो आणि हात ओले असताना दरपत्रक वाचता येत नाही.

कळावे.

एक छोटा पेट शॉपवाला